कुत्र्याचा रोबोट आणि रानहंसाचा रोबोट

“मावशी, तो रोबोटचा सिनेमा लाव ना. तो किनाऱ्यावर पडलेला असतो, आणि त्याच्याजवळ पक्ष्याचं पिल्लू मोठं होऊन उडून जातं, तो.”

मे महिन्यात वेंगुर्ल्याला आलेल्या भाचीनं एवढं सांगितलं आणि मी भलताच सिनेमा लावला. तिला हवा होता ‘द वाइल्ड रोबोट’, मी लावला ‘रोबोट ड्रीम्स’. पण तिनं सांगितलेली एकेक खूण दोन्हीकडे लागू पडते. दोन्हींत एकटा पडलेला रोबोट आहे, त्याला जीव लावणारा तितकाच एकटा प्राणी आहे, समुद्र आहे, घरटंही आहे. आलेही एका वर्षाच्या अंतरानं, २०२३ आणि २०२४ साली, आणि दोन्ही ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचले. घोळ होणारच.

‘रोबोट ड्रीम्स’मध्ये माणसं नाहीतच. शहर १९८०च्या दशकातलं न्यूयॉर्क, पण रस्त्यानं चालणारे सगळे प्राणी. त्यातला एक कुत्रा फ्लॅटमध्ये एकटा राहतो, एकट्यापुरतं गरम करून टीव्हीसमोर जेवतो. एका रात्री जाहिरात बघून तो पोस्टानं रोबोट मागवतो आणि सुटे भाग स्वतः जोडतो. मग तो अख्खा उन्हाळा दोघं हातात हात घालून शहर पालथं घालतात. संवाद एकही नाही. दिग्दर्शक पाब्लो बर्गर यांनी २०१२ साली ‘ब्लांकानिएवेस’ हा मूकपट केला होता, न बोलता गोष्ट सांगायचा त्यांचा हात तिथेच बसलेला. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, पण ती शेवटपर्यंत बसली आणि मध्ये एकदाही “काय म्हणाला?” असं विचारलं नाही.

मग दोघं समुद्रावर जातात. रोबोट मजेत पाण्यात शिरतो, वाळूवर येऊन पडतो, आणि उठायची वेळ होते तेव्हा त्याला हलताच येत नाही. आमच्याबरोबर शेजारचे काका बसले होते, आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्यात गेलेलं. कुणाला काही कळायच्या आधीच ते म्हणाले, “पाण्यात कित्याक (कशाला) गेलो तो?” इथे खिडकीची बिजागरी दर पावसाळ्यात कुरकुरते, सायकलच्या चेनला आठवडाभर तेल दाखवलं नाही की ती लाल होते. खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे काकांना सिनेमानं शिकवायची गरज नव्हती.

कुत्रा अवजारं घेऊन परत येतो, तर हंगाम संपलेला, फाटकाला कुलूप. किनारा उघडणार थेट १ जूनला. तो परवानगीचा अर्ज करतो, तोही नामंजूर. ती तारीख पडद्यावर आली तेव्हा काका माझ्याकडे वळून बघायला लागले. आमच्याकडे १ जूनला मासेमारीबंदी लागते, त्याआधी होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारायच्या असतात. तिकडे ज्या दिवशी किनारा उघडतो, त्याच दिवशी इकडे दर्या मिटतो. तारखेकडे डोळे लावून दिवस मोजणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचा हिवाळा हा या सिनेमाचा गाभा. रोबोट वाळूत पडून घरी परतायची स्वप्नं बघतो. खरं घडतं ते वेगळं. फुटकी होडी घेऊन ससे येतात आणि तिचं भोक बुजवायला त्याचाच पाय कापून नेतात. पक्षीण येते, त्याच्या हाताच्या आडोशाला घरटं करते, पिल्लं वाढतात आणि उडून जातात. भाचीनं सांगितलेला प्रसंग इथेही आहे तो असा. पण इथे रोबोट जागचा हलू शकत नाही. तो फक्त आडोसा देतो आणि बघत राहतो.

‘द वाइल्ड रोबोट’मधली रोबोट रॉझ मात्र क्षणभर स्वस्थ बसत नाही. जहाजावरून वादळात वाहत येऊन ती निर्मनुष्य बेटावर लागते, आणि तिच्याच हातून रानहंसाचं एक घरटं चिरडतं. एक अंडं वाचतं. त्यातून निघालेल्या अशक्त ब्राइटबिलला हिवाळ्याआधी खायला, पोहायला आणि उडायला शिकवायचं, नाहीतर तो थव्याबरोबर स्थलांतराला जाऊ शकणार नाही. पीटर ब्राउन यांच्या २०१६च्या कादंबरीवरून ख्रिस सँडर्स यांनी हा केला. चित्रं ब्रशनं रंगवल्यासारखी आहेत, जंगल बघतच राहावं असं.

खरा फरक ताटातुटीत आहे. कुत्रा आणि रोबोट अपघातानं दूर होतात, आणि मैत्रीतली ती पोकळी कशानं भरायची हा पुढचा सगळा प्रश्न. रॉझ तर पिल्लाला वाढवते ती त्यानं निघून जावं म्हणूनच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालून समुद्रात परत जाते. गावातली माणसं ती अंडी कुंपणात राखतात, पिल्लं निघाली की वाळूवर सोडतात आणि शेवटचं पाण्यात शिरेपर्यंत उभी राहतात. ते ज्यानं एकदा पाहिलंय, त्याला रॉझ लगेच ओळखीची वाटेल. म्हणून मी ‘वाइल्ड रोबोट’ला आईपणाचा सिनेमा म्हणेन, मैत्रीचा नव्हे. त्यातली मैत्री रॉझ आणि फिंक नावाच्या कोल्ह्याची. आधी अंड्यावरच टपलेला, बेटावर कुणालाच नको असलेला हा कोल्हा मला पिल्लापेक्षा जास्त आवडला.

घरात लहान मूल असेल तर आधी ‘वाइल्ड रोबोट’ लावा, फक्त सुरुवातीच्या घरट्याच्या प्रसंगाला जवळ बसा. ‘रोबोट ड्रीम्स’ला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बोलणं नसल्यानं मान खाली गेली की गोष्ट निसटते. शेवट सांगत नाही. काका चप्पल घालताना दारात थांबले आणि म्हणाले, “एक जूनानंतर परत लाव, तेव्हा वेळ आसता.”