लो पूल : तळ्याभोवतीची फेरी

लो पूल हे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधे हेल्स्टन आणि पोर्थलेव्हन या दोन गावांच्या मधे असलेलं गोड्या पाण्याचं तळं, कॉर्नवॉलमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, क्षेत्र साधारण 50 हेक्टर. ‘लो’ हा शब्द मूळ कॉर्निश ‘लोघ’वरून आलाय आणि त्याचा अर्थच मुळी तळं, म्हणजे ‘लो पूल’ म्हणजे ‘तळं तळं’. तळ्याला आणि काठच्या पेनरोझ इस्टेटच्या जंगलाला पूर्ण वळसा घालणारी पायवाट आहे, सुरुवात कुठून करताय त्यावर अंतर ठरतं, पण 8 ते 10 किलोमीटर धरून चालावं. हेल्स्टनहून पश्चिम काठाने निघालं की तळं डाव्या हाताला राहतं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट.

या फेरीतली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे लो बार, तळं आणि समुद्र यांच्या मधला बारीक गोट्यांचा दांडा. देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना चित्र लगेच येईल, फरक एवढाच की कर्लीला समुद्रात जायला वाट आहे आणि इथे कोबर नदीचं तोंड दांड्याने पूर्ण बंद केलंय. गोटे जेमतेम वाटाण्याएवढे, पाय घोट्यापर्यंत रुततो आणि लाट मागे जाताना ते सगळे एकदम घरंगळतात त्याचा खळखळाट लांबवर ऐकू येतो.

हा दांडा झाला कसा आणि कधी, यावर बरेच वाद आहेत. जुन्या माहितीपुस्तकांत सर्रास असं असतं की हेल्स्टन हे मध्ययुगात चालतं बंदर होतं, 1201 मधे किंग जॉनने गावाला सनद दिली, आणि मग 13 व्या शतकाच्या आसपास दांडा आडवा आला आणि बंदर मेलं. यातली सनद खरी आहे, पण बंदर त्या वेळी चालू होतं याला भक्कम पुरावा मिळत नाही. 1540 च्या सुमारास जुन्या गोष्टींची नोंद करत हिंडणारा अभ्यासक जॉन लीलंड इकडे फिरला तेव्हा तळं बंदच होतं, तीन-चार वर्षांतून एकदा आतल्या पाण्याच्या भाराने आणि समुद्राच्या माऱ्याने दांडा फुटतो आणि थोड्याच दिवसांत परत बुजतो असं त्याने लिहून ठेवलंय. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डिफो मात्र गावाच्या जरा खाली जहाजांसाठी बऱ्यापैकी बंदर असल्याचं सांगतो. दोघांत लीलंडचं वर्णन जास्त नेमकं आहे, आणि डिफोचं वाक्य ऐकीव माहितीवर असावं असं वाटतं.

दुसरा धागा दगडांचा. दांड्यातले बहुतेक गोटे चकमकीचे आहेत आणि चकमक या भागातल्या खडकात मिळतच नाही. मग ती आली कुठून? सगळ्यात पटणारं उत्तर असं की इंग्लिश खाडीच्या तळाशी आज बुडालेल्या जुन्या नदीच्या पायऱ्यांवर, म्हणजे काठच्या पायरीसारख्या सपाट पट्ट्यांवर, हे गोटे पडलेले होते, हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळी वर येत गेली तसे लाटांनी ते हळूहळू किनाऱ्याकडे ढकलत आणले. हे मान्य केलं तर दांडा काही हजार वर्षं जुना ठरतो आणि 13 व्या शतकात तो अचानक उगवल्याची गोष्ट मागे पडते. गावकऱ्यांचं स्पष्टीकरण अर्थात वेगळं आहे : जॅन ट्रेगीगल नावाच्या दुष्ट कारभाऱ्याच्या भुताला वाळूची पोती वाहायची शिक्षा झाली होती, त्याच्या खांद्यावरचं पोतं इथे सांडलं आणि तोच हा दांडा. दंतकथेतल्या आर्थर राजाची तलवार याच तळ्यात टाकली असंही सांगतात, पण तो मान कॉर्नवॉलमधलंच दुसरं तळं, डॉझमरी पूल, हेही सांगतं.

पाणी वाढलं की हेल्स्टनच्या खालच्या भागात शिरायचं, म्हणून दांडा माणसांनी फोडायची जुनी रीत होती. त्यासाठी गावच्या मेयरने पेनरोझच्या मालकाकडे चामड्याच्या बटव्यात दीड पेनी देऊन परवानगी मागायची. नंतर खडकातून बोगदा काढून पाण्याला वाट करून दिली. कोबरच्या खोऱ्यात कथलाच्या खाणी होत्या, त्यांचा गाळ वर्षानुवर्षं तळ्यात येऊन बसला आणि त्याचे वार्षिक थर तळाशी पानांसारखे एकावर एक आहेत, जुन्या काळाचा एवढा नीट हिशोब फार थोड्या तळ्यांत सापडतो.

दांड्याजवळ एक पांढरा क्रॉस आहे, तिथे थांबावंच. 29 डिसेंबर 1807 ला ‘अँसन’ ही ब्रिटिश युद्धनौका इथे आपटली आणि किनारा डोळ्यांसमोर असताना शंभरावर माणसं गेली असावीत, आकडे वेगवेगळे दिले जातात. हेल्स्टनच्या हेन्री ट्रेंगराऊजने ते पाहिलं आणि पुढे रॉकेटने दोर जहाजापर्यंत फेकायचं साधन तयार केलं. वाहून आलेली प्रेतं कुठेही पुरायची तेव्हाची पद्धत होती, तीही यानंतर गावातलेच वकील थॉमस ग्रिल्स यांच्या खटपटीने 1808 च्या कायद्याने बदलली, बुडालेल्यांना चर्चच्या दफनभूमीत जागा मिळू लागली.

जंगल बरंचसं लावलेलं आहे. पेनरोझ घराण्याकडून इस्टेट 1771 च्या सुमारास रॉजर्स घराण्याकडे आली, त्यांनी ओक, बीच, पाईन वाढवले आणि 1974 मधे इस्टेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. पश्चिम काठ सपाट आहे, पूर्वेला डेगिब्नाचं रान आणि कार्मिनोची खाडी, तिथे चढउतार लागतो आणि पावसात चिखलही. नदी तळ्यात शिरते तिथे वाळुंजाच्या झाडांची दलदल. हिवाळ्यात थापट्या आणि शेंडी बदकं येतात, जायकवाडीला येतात त्याच जाती. लो बारवर पतंगाची एक उपजात आहे जी दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

उन्हाळ्यात सांडपाणी आणि शेतातल्या खतामुळे पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ धरतं, ते विषारी असू शकतं, कुत्र्यांना पाण्याजवळ जाऊ देऊ नये. समुद्राच्या बाजूला पोहायला उतरू नये, किनारा एकदम खोल जातो आणि लाट पायाखालचे गोटेच ओढून नेते.