पार्श्वभूमी : कॉलेज फुटबॉलवरून ख्रिस्ती मन का उडू लागलं?

अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास अशा राज्यांत चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला कॉलेज फुटबॉल वेगळं शिकावं लागत नाही. शनिवारी सामना, रविवारी उपासना, आणि उपासना सुरू होईपर्यंत आदल्या दिवशीच्या सामन्याचीच चर्चा. (हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू काखेत धरून धावायचा खेळ. आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात.) अशाच घरांतली काही माणसं आता या खेळातून मन काढून घेताहेत. नव्या जमान्याचं खूळ म्हणून त्यांची हेटाळणीही होते. पण या खेळावर पहिल्यांदा तुटून पडलेल्यांत चर्चवालेच पुढे होते.

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९ साली न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत खेळ दक्षिणेत पोचला, आणि सामन्यांबरोबर सट्टा, दारू, मारामाऱ्याही पोचल्या. मेथडिस्ट पंथाच्या ट्रिनिटी कॉलेजने, म्हणजे आजच्या ड्यूक विद्यापीठाने, १८९५ साली फुटबॉल बंदच करून टाकलं. ते परत सुरू व्हायला १९२० उजाडलं. जॉर्जियातल्या एमरी कॉलेजचे अध्यक्ष वॉरन कँडलर हे पुढे बिशप झाले. बाहेरच्या कॉलेजांशी सामने खेळायला त्यांचा कडाडून विरोध होता. एमरीचा फुटबॉल संघ आजतागायत नाही. तिथले विद्यार्थी ‘एमरी फुटबॉल : अजूनही अजिंक्य’ असे टी-शर्ट घालून मिरवतात.

१८९७ च्या ऑक्टोबरात अटलांटात व्हर्जिनियाविरुद्ध खेळताना जॉर्जिया विद्यापीठाच्या रिचर्ड व्हॉन गॅमनच्या डोक्याला मार लागला आणि त्यातच तो गेला. विधिमंडळाने खेळावर बंदीचं विधेयक मंजूर केलं. ते गव्हर्नरांनी अडवलं, आणि त्यासाठी मुलाच्या आईनेच रदबदली केली होती. आपल्या मुलाचं ज्या खेळावर प्रेम होतं तो त्याच्या नावाने बंद पडू नये, अशी तिची विनवणी होती.

विरोध मावळला तो वेगळ्याच वाटेने. इंग्लंड-अमेरिकेत त्या काळी बलदंड ख्रिस्ती पुरुषाचा आदर्श रुजत होता : शरीर कमावलेलं, मन शिस्तीचं, सेवेला तयार. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने तो व्यायामशाळांतून पसरवला. येलमध्ये धर्मशास्त्र शिकायला घेतलेल्या अमोस अलोन्झो स्टॅगने व्यासपीठ सोडून मैदान धरलं. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत त्याच्या संघात जेम्स नाइस्मिथ होता, ज्याने १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधलं. आपल्याकडे शाळाशाळांत खेळला जाणारा व्हॉलीबॉलही वायएमसीएच्याच एका व्यायामशाळेत जन्मला. १८९२ साली बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शिकागो विद्यापीठाने स्टॅगला बोलावलं. उपदेशक घडवण्याऐवजी प्रशिक्षक घडवणं हेही देवाचंच काम, ही समजूत तिथून पक्की होत गेली. १९०५ मध्ये मृत्यू इतके वाढले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी मोठ्या विद्यापीठांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. नियम बदलले, कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी, आज एनसीएए म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली आणि खेळ वाचला.

कॅथलिकांची गोष्ट थोडी निराळी. प्रोटेस्टंट बहुसंख्येच्या देशात हिणवल्या जाणाऱ्या या स्थलांतरितांना नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या विजयांनी ताठ मानेने चालायला शिकवलं. तो अभिमान मला आजही समजण्यासारखा वाटतो. १९५४ साली ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स’ स्थापन झाली. खेळाडूने व्यासपीठावरून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची, लाडक्या खेळाडूच्या तोंडून शुभवर्तमान ऐकलं की पोरं वळतील, हा त्यामागचा हिशेब. त्याचं टोक म्हणजे फ्लोरिडा विद्यापीठाचा खेळाडू टिम टीबो. जानेवारी २००९ च्या अंतिम सामन्यात तो डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर ‘योहान ३:१६’ हा बायबलमधल्या वचनाचा क्रमांक लिहून उतरला.

पण साक्ष देणाऱ्याचं वजन त्याच्या जिंकण्यावर ठरू लागलं की जिंकणं ही धर्माचीच गरज होऊन बसते. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात खेळाडूंना चोरून पैसे दिले जात होते. पकडले गेल्यावरही ते चालू ठेवायला नियामक मंडळातल्या लोकांनी मान्यता दिल्याचं मंडळाचे माजी अध्यक्ष आणि तेव्हाचे टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं. एनसीएएने १९८७ चा अख्खा हंगाम रद्द केला, मेथडिस्ट बिशपांनी स्वतःची वेगळी चौकशी केली. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दूरचित्रवाणीचा पैसा मोकळा झालाच होता. जुलै २०२१ पासून तर खेळाडूंनाही जाहिरातींतून उघडपणे कमावता येतं. हा बदल मला न्याय्य वाटतो. आधीचा ‘निखळ हौशी’ खेळ हे ढोंगच होतं.

डोक्याचा मारही परत चर्चेत आला. मृत्यूनंतर मेंदू दान केलेल्या खेळाडूंचा बोस्टनच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेज पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांत सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. मेंदू दान करणारी घरं बहुधा आधीच शंकेत असतात, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लावता येत नाही. तरी रविवारी देहाला देवाचं मंदिर म्हणणाऱ्याला ते आकडे बोचतातच.

माझ्या मते खरा तडा गेला तो मात्र टेक्सासमधल्या वेकोच्या बेलर विद्यापीठात. या बाप्टिस्ट विद्यापीठाच्या आवारात १९९६ पर्यंत नृत्याला परवानगी नव्हती. २०१६ मध्ये विद्यापीठानेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीनंतर मंडळाने मान्य केलं की विद्यार्थिनींच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या गेल्या नाहीत, आणि थेट कानावर येऊनही फुटबॉल विभागातल्या काहींनी त्या पुढे पोचवल्या नाहीत. प्रशिक्षक आर्ट ब्राइल्सना काढलं, केन स्टार यांचं अध्यक्षपद गेलं, क्रीडा संचालक इयन मकॉ यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हर्जिनियातल्या लिबर्टी या दुसऱ्या बाप्टिस्ट परंपरेच्या विद्यापीठाने मकॉ यांना त्याच पदावर घेतलं. लिबर्टीला वरच्या श्रेणीत खेळायचं होतं, आणि २०१८ च्या हंगामात त्यांचा संघ तिथे पोचला.