जिम लार्किन (आयरिश कामगार नेता)

जेम्स उर्फ जिम लार्किन (१८७४–१९४७) हे आयर्लंडच्या कामगार चळवळीतलं सगळ्यात गाजलेलं आणि बहुतेक सगळ्यात भांडखोर नाव. जन्म लिव्हरपूलचा, आईवडील आयरिश, घरात गरिबी, त्यामुळे शाळा लवकर सुटली. पुढे गोदीत मुकादम झाला, पण १९०५ च्या संपात हा मुकादम असूनही कामगारांबरोबर बाहेर पडला, नोकरी गेली आणि गोदी कामगारांच्या युनियनने त्याला संघटक म्हणून घेतलं.

१९०७ मध्ये युनियनने त्याला बेलफास्टला पाठवलं. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांचं वैर मुरलेलं शहर, तरी याने दोन्हीकडचे कामगार एका संपात आणले, पोलिसांतसुद्धा बंडाळी झाली, शेवटी सैन्य आलं आणि गोळीबारात दोघं मेले. वरिष्ठांना न विचारता संप पुकारायच्या सवयीमुळे युनियनचे प्रमुख जेम्स सेक्स्टन वैतागले आणि १९०८ च्या अखेरीस त्याला निलंबित केलं, तर याने सरळ स्वतःची युनियन काढली: आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन.

त्याचं हत्यार म्हणजे सहानुभूतीचा संप. एका ठिकाणी संप असेल तर तिथल्या मालाला दुसरीकडच्या हमालाने, गाडीवानाने हातच लावायचा नाही. हमाल, गाडीवान असल्या रोजंदारीवरच्या लोकांना तोवर कोणी फारसं विचारत नव्हतं, त्यांच्या हातात यामुळे पहिल्यांदा खरी ताकद आली.

मालकांना हेच खुपलं. डब्लिनची ट्राम कंपनी आणि मोठं वर्तमानपत्र हातात असलेले विल्यम मार्टिन मर्फी युनियनवाल्यांना काढायला लागले, तेव्हा २६ ऑगस्ट १९१३ ला, ऐन हॉर्स शोच्या (डब्लिनच्या घोड्यांच्या मोठ्या प्रदर्शनाच्या) आठवड्यात, ट्रामवाले गाड्या रस्त्यातच सोडून उतरले. ३१ तारखेच्या सभेवर बंदी होती, लार्किनवर वॉरंट होतं, तरी हा खोटी दाढी लावून मर्फींच्याच इंपीरियल हॉटेलच्या बाल्कनीत उगवला! लगेच अटक झाली, पण खाली पोलिसांनी जो लाठीमार केला त्यात शेकडो जखमी झाले. मग सुमारे ४०० मालकांनी टाळेबंदी केली, युनियन सोडतो असं लिहून द्या नाहीतर घरी बसा, आणि साधारण २०,००० कामगार बाहेर पडले. ब्रिटनच्या कामगारांनी जहाजाने अन्न पाठवलं, पण तिथल्या पुढाऱ्यांनी सोबत संप करायला नकार दिला आणि लार्किनने त्यांना जाहीर शिव्या घालून उरलीसुरली मैत्रीही घालवली. १९१४ च्या सुरुवातीला लोक उपाशीपोटी कामावर परतले. संप हरला म्हणायचं, पण युनियन मोडली नाही.

१९१४ मध्ये तो अमेरिकेला गेला तो १९२३ पर्यंत तिकडेच, त्यात अराजकतावादाच्या आरोपाखाली न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगाची हवाही खाल्ली. परत आल्यावर स्वतःच काढलेल्या युनियनमध्ये तिथलाच दुसरा पुढारी विल्यम ओब्रायन याच्याशी जुंपली आणि १९२४ मध्ये त्याला हाकललं. त्याच वर्षी भाऊ पीटरने वर्कर्स युनियन ऑफ आयर्लंड उभी केली, तेव्हा जिम मॉस्कोत होता, पण पुढे नेता तोच. माणसं पेटवायला याच्यासारखा दुसरा नाही, पण चार लोकांबरोबर बसून कारभार करणं त्याला कधी जमलं नाही. १९२७ मध्ये संसदेवर निवडून आला पण दिवाळखोर असल्याने बसता आलं नाही, नंतर १९३७ आणि १९४३ मध्ये मात्र बसला. १९४७ च्या जानेवारीत डब्लिनला वारला.

एकमेकींशी वर्षानुवर्षं भांडलेल्या या दोन्ही युनियन १९९० मध्ये एक झाल्या, आता ती सिप्टू म्हणून ओळखली जाते.