नवे बूट रुळताना

पायात कोरे करकरीत चामडी बूट चढवायचे आणि अडीच इंच पाण्यात पाच मिनिटं उभं राहायचं. चामडं भिजून मऊ पडलं की सपाट जमिनीवर तासभर चालायचं, बूट पायातच वाळू द्यायचे आणि काढल्यावर चामड्यात तेल जिरवायचं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकी सैन्यात नवे बूट रुळवायची ही शिकवलेली रीत होती. एडवर्ड लायमन मन्सन हा लष्करी डॉक्टर तिचा पुरस्कर्ता. त्याच्या मंडळाने चार वर्षं खपून सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासले आणि १९१२ साली त्यातून बुटाचा नवा फर्मा तयार झाला. फर्मा म्हणजे मोची ज्या लाकडी पायावर बूट बेततो तो. मन्सनच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माप घेताना सैनिक उभा असे, आणि त्याच्या पाठीवर चाळीस पौंडांचं, म्हणजे अठरा किलोंचं ओझं असे. ओझ्याखाली पायाची कमान दबते, पाय लांबतो, चवडा पसरतो. बूट त्या पायाला बसला पाहिजे.

आपण दुकानात काय करतो? मऊ स्टुलावर बसतो, पाय अधांतरी पुढे करतो, पोऱ्या बूट चढवतो आणि आपण म्हणतो, ‘बसला.’

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना लष्करी बुटांचं आकर्षण जुनं आहे. ‘आर्मीचा माल म्हणजे मजबूत’ ही श्रद्धा, शिवाय दिसायला रुबाबदार. मीही कधीकाळी सरप्लसच्या, म्हणजे सैन्याचा उरलेला माल विकणाऱ्या एका दुकानातून काळेभोर, घोट्याच्या वर चढणारे बूट आणले होते. कुठल्याशा परदेशी सैन्याचे, एकदाही न वापरलेले, दुकानदाराच्या शब्दांत ‘पॅक पीस’. दुसऱ्याच ट्रेकला, नाणेघाट उतरताना, उजव्या बुटाचा तळ पायाखाली चुरचुरायला लागला. वाकून पाहिलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखा त्याचा भुगा होत होता. डावा तासाभराने गेला. उरलेला घाट बूट सुतळीने बांधून उतरलो. वरचं चामडं मात्र शेवटपर्यंत चकचकीत होतं.

यात भुताटकी काही नाही, साधं रसायनशास्त्र आहे. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेस असतो. वजनाला हलका आणि धक्के शोषून घेणारा. त्याच्या एका प्रकारात रेणूंच्या साखळ्या ज्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात, ते बंध पाणी हळूहळू तोडत जातं. त्यासाठी बूट पाण्यात बुडावा लागत नाही, हवेतली वाफ पुरते, आणि ऊब असेल तर काम आणखी लवकर होतं. त्यामुळे दमट हवेच्या गोदामात आठ-दहा वर्षं पडून असलेला ‘न वापरलेला’ बूट हा नवा बूट नसतोच. त्याचं म्हातारपण डब्यात बसूनच येतं. गंधक घालून तापवलेल्या, म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या रबराचं तसं होत नाही. ते जुनं झालं की टणक होतं, त्याला चिरा पडतात, पण ते असं एकाएकी विरघळून जात नाही. लष्करी मालावर बऱ्याचदा बनावटीचं वर्ष उमटवलेलं असतं, ते आधी शोधावं. नसेल तर तळाच्या कडेला, रबर आणि चामडं यांच्यामधल्या फेसात अंगठ्याचं नख रोवून पाहावं. खळगा परत भरून आला तर ठीक. नखाला चिकट लागलं किंवा कण सुटले, तर बूट कितीही स्वस्त मिळत असला तरी तो दुकानातच राहू द्यावा.

आता चामड्याकडे येऊ. मराठीत कातडं ‘कमावतात’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. कातड्याचा गाभा म्हणजे कोलॅजन या प्रथिनाचे तंतू, एकमेकांत गुंतलेल्या दोऱ्यांच्या जुड्यांसारखे. कच्चं ठेवलं तर ते कुजतं, नाहीतर वाळून पत्र्यासारखं होतं. कमावताना या तंतूंमध्ये असे रेणू बसवतात जे त्यांना बांधूनही ठेवतात आणि एकमेकांना चिकटूही देत नाहीत. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यात हे काम बाभळीची साल आणि हिरडा करतो. आजच्या बहुतेक बुटांत ते क्रोमियमचे क्षार करतात. सालीत कमावलेलं चामडं ओलं करून दाबलं की तो आकार धरून ठेवतं. क्रोमचं चामडं जास्त मऊ, जास्त लवचीक, पण पुन्हा मूळ आकाराकडे ओढ घेणारं. मन्सनचा पाण्याचा उपाय पहिल्या प्रकाराला जास्त मानवतो. आजच्या बुटात तर चामड्याच्या आत फेस, अस्तर, टाचेभोवतीची साच्यातली टणक वाटी आणि या सगळ्यांना जोडणारा गोंद असतो. तो मुद्दाम भिजवून पायात वाळवण्यात चामड्याचा फायदा थोडा आणि बाकीच्यांचा तोटा जास्त.

मग बूट रुळतो म्हणजे नेमकं काय होतं? नव्या चामड्यातल्या तंतूंच्या जुड्या एकमेकींवरून सहज सरकत नाहीत. बूट पुन्हा पुन्हा वाकला की त्या सुट्या होतात, आणि चामड्यात मुरवलेलं तेल त्यांना वंगणासारखं उपयोगी पडतं. दुसरी गोष्ट वेळेची. चामडं ताणून ठेवलं की ते लगेच थोडं लांबतं आणि नंतर तासन्‌तास सावकाश लांबत राहतं. ताण तोच राहिला तरी त्याचा विरोध हळूहळू सैलावतो. म्हणून बूट एका दिवसात रुळत नाही, त्याला थोडा थोडा करून वेळ द्यावा लागतो. पण हे चालतं ते रुंदीत, चवड्याच्या फुगवट्यापाशी, घोट्याच्या घडीत. लांबीत बूट काही वाढत नाही, कारण खाली तळ आहे, आणि कित्येक लष्करी बुटांत तळाच्या आत पोलादाची पट्टी असते. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं वाक्य रुंदीपुरतं अर्धं खरं असतं. बोटं पुढे टेकत असतील तर ती कायमची टेकणार.

खरी मेख मापाच्या आकड्यात नाही, घडीच्या जागेत आहे. पाय चवड्यावर वाकतो. बूटही तिथेच वाकायला हवा. पण दोघांच्या पायाची लांबी सारखी असून एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर वेगळं. आठ नंबरचा बूट दोघांनाही ‘बसेल’, पण एकाच्या पायात त्याची घडी बोटांच्या सांध्यावर पडेल आणि पावलागणिक चिमटा काढेल. दुकानात बूट घालून चवड्यावर उभं राहावं आणि घडी कुठे पडते ते वरून बोट फिरवून बघावं. चुकीच्या जागी पडलेली घडी रुळवून जात नाही, उलट पक्की होते.

मराठीत बूट ‘चावतो’, आणि बहुतेकदा टाचेला चावतो. दोष टाचेच्या चामड्याला दिला जातो, पण पुष्कळदा गुन्हेगार तळ असतो. नवा तळ कडक असतो. आपण टाच उचलतो, पाय वाकतो, बूट वाकत नाही, आणि टाच बुटातून सेंटिमीटरभर वर सरकून पुन्हा खाली येते. तासाला हजारो वेळा. तळ चवड्यापाशी मऊ झाला की ही वर-खाली कमी होते आणि टाच आपोआप शांत होते. तोवर नाडी नीट बांधणं एवढंच हातात असतं. घोट्याच्या वळणावर, पायाच्या वरच्या बाजूला, नाडीला एकाऐवजी दोन वेढे देऊन ओढावी. त्या वेढ्यांच्या घर्षणामुळे खालचा ताण खाली आणि वरचा वर राहतो. चवडा मोकळा, टाच घट्ट.

फोड कसा येतो याबद्दल मात्र बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. त्वचा वरून घासली जाऊन झिजते म्हणून फोड येतो, असं नाही. बाहेरची त्वचा मोज्याला चिकटून एका जागी थांबते आणि आतलं हाड पुढे-मागे होत राहतं. या ओढाताणीत त्वचेचे मधले थर एकमेकांवर सरकून फाटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. फोडाचा वरचा पापुद्रा शाबूत असतो तो याचमुळे. किंचित घामेजलेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा जास्त चिकटते. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या कॅडेट्सवर १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पायांना घाम रोखणारं औषध लावून २१ किलोमीटर चालायला लावलं, तेव्हा फोड येणाऱ्यांचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर उतरलं. पण निम्म्याहून अधिक जणांचे पाय त्या औषधानेच खाजले, चुरचुरले. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी बरी, जखमेवर लावतात ती. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर अशी पट्टी लावून पाहिली, तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फोड ४० टक्क्यांनी कमी झाले. दोन मोजे घालण्यामागेही तेच गणित आहे. आतला पातळ, बाहेरचा जाड लोकरी, म्हणजे सरकायचं ते मोज्यांनी एकमेकांवर सरकावं. सुती मोजा घाम धरून ठेवतो. तो शाळेच्या बुटात ठीक.

आणि त्वचाही शिकते. थोडं थोडं, फाटणार नाही इतपत घर्षण होत राहिलं की तिचा वरचा थर जाड होतो. बूट पायाला रुळतो तसा पायही बुटाला रुळतो. दुसऱ्या कुणाचे रुळलेले बूट आपल्याला चावतात त्याचं हेही एक कारण.

आता पावसाळा. जुलैत राजमाचीला जायचं म्हणून ‘वॉटरप्रूफ’ बूट घेणाऱ्यांना मी दरवेळी थांबवायला बघतो, फार कुणी ऐकत नाही. या बुटांतल्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफेचा रेणू मात्र बाहेर जातो. पण वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तर. धो धो पावसात बाहेरची हवा वाफेने भरलेली असते, फरक उरतो तो पायाच्या उबेपुरता. त्यात बाहेरचं चामडं भिजून त्याची वाटही बुजते. शिवाय ओढा ओलांडताना पाणी पडद्यातून येतच नाही, ते वरच्या तोंडातून येतं. आणि एकदा आलं की तोच पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. बुटाची बादली होते.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या जंगल बुटांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. पाणी येणारच हे मान्य करून वरचा भाग कापडी केला आणि आतल्या बाजूला, कमानीपाशी दोन जाळीदार छिद्रं ठेवली. चाललं की पाणी पिचकारीसारखं बाहेर. तळाची ‘पनामा’ नक्षी १९४४ सालची, एका सार्जंटच्या डोक्यातून निघालेली. तिरके, एकमेकांपासून लांब असलेले ठोकळे, पाय टेकला की चिखल कडेला ढकलणारे. आपल्याकडे कॅनव्हासचे, रबरी तळाचे ‘हंटर’ घालून पिढ्यान्‌पिढ्या पोरं गड चढली, तीही याच तत्त्वावर: भिजा, निथळा, वाळा. थंडीत मात्र हे तत्त्व अंगाशी येतं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांचे बूट गळके निघाले आणि गारठलेल्या दलदलीत शेकडो पाय सुजून, सुन्न होऊन निकामी होण्याच्या बेताला आले. हिमालयात जाणाऱ्याने सह्याद्रीतला सल्ला तिकडे नेऊ नये.

वजनाचं काय? सोल आणि गोल्डमन या अमेरिकी लष्करी संशोधकांनी १९६९ साली मोजलं, की पायांवर बांधलेलं वजन वाहायला अंगावर तेवढंच वजन वाहण्यापेक्षा, चालण्याच्या वेगानुसार, चार ते सहा पट जास्त ऊर्जा लागते. कारण पाऊल दर वेळी उचलावं, पुढे झुलवावं आणि थांबवावं लागतं. जोडीमागे अर्धा किलो जास्त म्हणजे पाठीवर दोन-तीन लिटर पाणी उगाच वाहणं. ‘उंच बूट घोटा मुरगळू देत नाही’ यावरही फार विसंबू नये. १९९३ साली सहाशेहून अधिक बास्केटबॉल खेळाडूंवर उंच आणि बुटके बूट तपासले, तर घोटा मुरगळण्यात फारसा फरक निघाला नाही. उंच बुटाचा फायदा आहे तो काटे, खडे, करवंदीच्या जाळ्या आणि जळवांच्या बाबतीत. आणि शेवाळलेल्या बेसाल्टवर कुठलाच तळ हमी देत नाही. त्यातही लष्करी तळ वर्षानुवर्षं झिजू नये म्हणून बरेचदा टणक रबराचे केलेले असतात, ते ओल्या कातळावर मऊ रबराइतके बसत नाहीत.

तेव्हा बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. ट्रेकचेच मोजे सोबत न्यावेत, पाठीवर भरलेली सॅक चढवावी (दुकानदार हसेल, हसू द्यावं) आणि दुकानाचा जिना उतरून बघावा. उतारावर अंगठा पुढे टेकला तर मोठा नंबर मागावा, नाहीतर पहिल्याच गडावरून काळं नख घेऊन घरी याल. पहिले काही दिवस घरात, मग बाजारहाटाला, मग पर्वतीसारखी एखादी जवळची टेकडी, आधी रिकाम्या पाठीने, मग सॅक घेऊन. टाच लाल दिसली की त्या दिवसापुरतं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथे आधीच पट्टी लावायची. तेल द्यायचं तर गुळगुळीत चामड्याला, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त तेल प्यालेलं चामडं लोळागोळा होतं, आणि खरखरीत, लव असलेल्या चामड्याच्या वाळवंटी लष्करी बुटाला तेल-पॉलिश दोन्ही नको.

मुक्कामी मात्र एक पाप सर्रास घडतं. गुहेत चूल पेटते आणि ओले बूट तिच्याभोवती गोल मांडले जातात. कच्चं ओलं कातडं साठ-पासष्ट अंशांना आकसतं, सालीत कमावलेलं साधारण ऐंशीच्या आसपास. क्रोमचं उकळत्या पाण्याइतकी उष्णता सोसतं, पण त्याच्या तळाचा गोंद त्याच्या खूप आधी सैल पडतो. त्यापेक्षा आतला सुटा तळवा काढून बाजूला ठेवायचा आणि बुटात वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे कोंबायचे. तासाभरात ते ओले लागतात, बदलायचे. सॅकच्या तळाशी रद्दीचे चार कागद मी याचसाठी ठेवतो.