पुनरुत्थानाचा संदेश आणि धर्मग्राम : पन्नास दिवसांची पार्श्वभूमी

बहुतेक धर्मग्रामांच्या (एका चर्चभोवती एकत्र येणाऱ्या ख्रिस्ती समुदायांच्या) वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत एक विसंगती सहज दिसते. ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे चिंतन), रिट्रीट (एकांतातील प्रार्थना-चिंतन), प्रायश्चित्ताचे विधी, गरिबांसाठी दानपेट्या अशी भरगच्च आखणी असते. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात तर चर्चमंदिरात पाय ठेवायला जागा उरत नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मात्र सारे थांबते, आणि पुढचा रविवार वर्षातील सर्वांत कमी उपस्थितीच्या रविवारांपैकी एक ठरतो. उपासनेच्या पंचांगानुसार ईस्टर रविवारपासून पेन्टेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतचे पन्नास दिवस हा एकच अखंड सण आहे. ‘ईस्टरचा संदेश जगणे’ ही प्रवचनांतून वारंवार येणारी अपेक्षा याच पन्नास दिवसांशी जोडलेली होती, आणि तिच्यामागे केवळ मनोभाव नसून ठोस प्रथांचा मोठा इतिहास आहे. त्या प्रथा कशा घडल्या, कशा आक्रसल्या आणि त्यांतल्या काही पुन्हा कशा आल्या, याचा हा मागोवा आहे.

पुनरुत्थानाविषयीची सर्वांत जुनी सविस्तर लेखी साक्ष शुभवर्तमानांत नसून प्रेषित पौलाने इ.स. ५४-५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. त्या पत्राच्या आज पंधराव्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अध्यायात पौल आपल्याला पूर्वीच्यांकडून मिळालेली साक्ष नोंदवतो, मृत्यूवरील विजयाचा उद्घोष करतो आणि प्रभूमधील तुमचे श्रम व्यर्थ नाहीत असे सांगून थांबतो. मूळ पत्रात अध्यायांची विभागणी नव्हती. त्यामुळे ते मोठ्याने वाचून दाखवले जात असताना ऐकणाऱ्याच्या कानावर लगेच पुढचे वाक्य पडत असे, आणि ते यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी गोळा करायच्या निधीविषयी होते : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे. मृत्यूच्या पराभवावरून थेट वर्गणीवर येणे आजच्या वाचकाला खटकते, पण पौलाला त्यात काही विजोड वाटलेले दिसत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातही हीच रचना आहे. प्रेषित पुनरुत्थानाची साक्ष मोठ्या सामर्थ्याने देत होते, या वाक्यापाठोपाठ त्यांच्यात कोणीही गरजवंत नव्हता, ही नोंद येते.

हे चित्र काहीसे आदर्श रंगवलेले आहे हे मान्य केले पाहिजे, आणि त्याची कबुली तोच ग्रंथ देतो. पाचव्या अध्यायात जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवणारे हनन्या आणि सप्पीरा भेटतात, तर सहाव्या अध्यायात ग्रीकभाषक विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात असल्याची तक्रार येते. त्या तक्रारीवर उपाय म्हणून सात जणांची नेमणूक झाली. मंडळीच्या संघटनेतील हे पहिले पद अन्नवाटपातील अन्यायातून निर्माण झाले, ही गोष्ट धर्मग्रामाच्या पुढील इतिहासासाठी फार महत्त्वाची आहे.

पहिल्या पिढ्यांसाठी पुनरुत्थानाचा सण वर्षातून एकदा नव्हे, तर दर आठवड्याला येत असे. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या विचारवंताने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनपत्रात रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. शहरात आणि खेड्यांत राहणारे सर्व जण एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितका वेळ वाचले जातात. अध्यक्ष उपदेश करतो. मग उभे राहून प्रार्थना होते आणि भाकर व द्राक्षारस आणला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (मंडळीचे सेवक) त्यातला वाटा घेऊन जातात. ज्यांची ऐपत आहे ते स्वेच्छेने देतात, ती रक्कम अध्यक्षाकडे जमा होते, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील लोक व परगावाहून आलेले पाहुणे यांची सोय होते. हे सारे रविवारीच का, याचे उत्तरही जस्टिन देतो : त्या दिवशी देवाने सृष्टीचा आरंभ केला आणि त्याच दिवशी येशू मेलेल्यांतून उठला. उपासना, घरी नेलेला वाटा आणि जमा झालेली रक्कम ही त्याच्या लेखी एकाच दिवसाची अंगे आहेत.

पुढे या व्यवस्थेचा आवाका वाढला. इ.स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन मासिक ऐच्छिक वर्गणीतून गरिबांचे भोजन, त्यांचे दफन, अनाथ मुले, म्हातारे झालेले चाकर आणि जहाज फुटून निराधार झालेले खलाशी यांच्यावर खर्च होत असल्याचे लिहितो. गरिबांचे दफन हा त्यातला विशेष खर्च म्हटला पाहिजे, कारण देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्यांना बेवारस प्रेताकडे पाठ फिरवणे शक्य नव्हते. इ.स. २५१ मध्ये रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे : ४६ धर्मगुरू, ७ डीकन आणि मंडळीच्या मदतीवर जगणाऱ्या दीड हजारांहून अधिक विधवा व दीनजन.

वार्षिक ईस्टर कोणत्या दिवशी पाळावा, यावर दुसऱ्या शतकात मोठा वाद झाला आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला भरपूर जागा मिळते. आपल्या विषयापुरते त्यातले एकच पुरेसे आहे. स्मर्नाचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला आले, तेव्हा तिथले बिशप अनिसेटस आणि ते एकमेकांना पटवू शकले नाहीत. तरीही अनिसेटस यांनी प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पाहुण्याला दिला आणि दोघे शांतीने वेगळे झाले. तारखेचा सर्वसाधारण प्रश्न इ.स. ३२५ च्या, बिशपांच्या निकिया परिषदेत निकालात निघाला.

त्या काळी अलेक्झांड्रियाचे बिशप दरवर्षी ईस्टरची तारीख कळवणारे पत्र काढत असत. त्यात निव्वळ तारीख नसे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास शहरात महामारी पसरली असताना बिशप डायोनिसियस यांनी ईस्टरनिमित्त लिहिलेल्या पत्रात, मंडळीतील लोक संसर्गाची पर्वा न करता रुग्णांची शुश्रूषा कशी करत होते, मृतांचे डोळे मिटून त्यांना अंघोळ घालून अंत्यविधी कसे करत होते आणि त्यातले कित्येक स्वतःही कसे दगावले, हे सांगितले आहे. चौथ्या शतकात अथेनेसियस यांनी आपल्या पहिल्या ईस्टरपत्रात तारखा दिल्या आणि गरिबांची आठवण ठेवा, परक्यांचे आतिथ्य विसरू नका, असेही बजावले. ईस्टरची सूचना आणि ईस्टरचे आचरण एकाच कागदावर येत होते.

चाळीस आणि पन्नास या दोन संख्यांतली जुनी कोणती, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. उपवासाचे चाळीस दिवस ठळकपणे दिसतात ते चौथ्या शतकात. निकिया परिषदेच्या पाचव्या नियमात त्यांचा उल्लेख आहे. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस मात्र टर्टुलियनलाही माहीत आहेत, आणि त्या दिवसांत उपवास करणे किंवा गुडघे टेकून प्रार्थना करणे आपण अयोग्य मानतो, असे तो सांगतो. निकियाच्या विसाव्या नियमाने रविवारी आणि या पन्नास दिवसांत उभे राहूनच प्रार्थना करण्याची प्रथा सर्वत्र लागू केली. म्हणजे आज ज्या काळाकडे धर्मग्राम सर्वांत कमी लक्ष देतो, तोच दोहोंत थोरला आहे.

या काळाला धार आली ती बाप्तिस्म्यामुळे. दीक्षेची तयारी कधी कधी तीन वर्षे चाले, आणि शेवटच्या निवडीच्या वेळी उमेदवाराच्या आचरणाची चौकशी होई. त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटी दिल्या का, सत्कृत्ये केली का, असे प्रश्न एका प्राचीन मंडळी-नियमावलीत नोंदलेले आहेत, आणि उत्तर उमेदवाराने नव्हे तर त्याला घेऊन येणाऱ्यांनी द्यायचे होते. बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्री होई. त्यानंतरच्या आठवड्याचे जिवंत वर्णन चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमची यात्रा करणाऱ्या एगेरिया या स्त्रीने लिहून ठेवले आहे. पुनरुत्थानाच्या मंदिराचे दरवाजे बंद केले जात, नवदीक्षित आणि ऐकू इच्छिणारे श्रद्धावंत तेवढे आत राहत, आणि बिशप आदल्या रात्रीच्या विधींचा अर्थ एकेक करून उलगडत. ऐकणाऱ्यांचा जयघोष इतका मोठा असे की तो बाहेरपर्यंत ऐकू येई. विधी आधी आणि उलगडा नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवलेला होता. इ.स. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतलेले ऑगस्टीन पुढे हिप्पोचे बिशप झाल्यावर नवदीक्षितांना दिलासा आणि इशारा एकदमच देत. शुभ्र वस्त्रे उतरवून तुम्ही आठ दिवसांनी इतरांत मिसळाल, तेव्हा नावापुरते ख्रिस्ती असलेलेही तुम्हाला तिथे भेटतील, त्यांचे अनुकरण करू नका, असे ते सांगत.

साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर संदेशाचे पडसाद कायद्यातही उमटले. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राटांनी ईस्टरनिमित्त कैद्यांच्या सुटकेचे आदेश काढले, गंभीर गुन्हे वगळून. निस्साचे ग्रेगरी एका ईस्टर प्रवचनात कैद्यांची सुटका, कर्जदारांना माफी आणि गुलामांची मुक्तता यांचा या दिवसाच्या आनंदाशी संबंध जोडतात. तरी गुलामगिरीची व्यवस्था यामुळे संपली नाही, आणि सणापुरती दया ही व्यवस्थेला धक्का न लावणारी दया असते, ही टीका इथे रास्तच आहे.

मध्ययुगात धर्मग्राम गावोगावी स्थिरावला आणि त्याच काळात ईस्टरचा गाभा हळूहळू पातळ झाला. बालकांचा बाप्तिस्मा जन्मानंतर लगेच होऊ लागल्याने दीक्षार्थींचा वर्ग उरला नाही. नवदीक्षित नसल्यामुळे ईस्टर सप्ताहातील शिकवण लोपली. आणि रात्रीचा जागरण विधी मागे सरकत सरकत अखेर शनिवारी सकाळी, जवळजवळ रिकाम्या मंदिरात उरकला जाऊ लागला. इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने एकविसाव्या नियमाद्वारे समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूकडे पापनिवेदन करावे आणि निदान ईस्टरला कम्युनियन (प्रभुभोजनातील प्रसाद) घ्यावे, असे ठरवले. न पाळणाऱ्याला जिवंतपणी मंदिरप्रवेश आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाकारले जाणार होते. किमान मर्यादा म्हणून घातलेली अट बहुतेकांसाठी कमाल ठरली, हे याचे नुकसान. जमेची बाजू अशी की वैर धरून कम्युनियन घेता येत नसल्यामुळे ईस्टरपूर्वीचे दिवस गावातील भांडणे मिटवण्याचे दिवस बनले, आणि आपल्या हद्दीतील प्रत्येक माणसाची दखल घेणे धर्मगुरूला भाग पडले.

इंग्लंडमध्ये या हद्दीला वेगळेच वळण लागले. तिथे धर्मग्राम हा धर्मसुधारणेनंतर स्थानिक कारभाराचा घटक झाला. १६०४ च्या नियमांनुसार चर्चवॉर्डनची (चर्चच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या पदाधिकाऱ्याची) निवड ईस्टर सप्ताहात होत असे. त्याआधीच, १६०१ च्या गरीब कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात गरिबांचे देखरेखदार दरवर्षी ईस्टर सप्ताहात किंवा ईस्टरनंतर महिन्याभरात नेमायचे असे ठरवले होते; चर्चवॉर्डनसोबत दोन ते चार खातेपिते गृहस्थ ही जबाबदारी घेत, कर आकारत, अनाथ मुलांना कामधंदा शिकायला ठेवत आणि आधीच्या वर्षाचा हिशेब देत. यामागे पुनरुत्थानाचा विचार होता असे म्हणणे धाडसाचे होईल. वर्षाचे कामकाज मांडायला तो आठवडा सोयीचा होता, इतकेच. १६६२ च्या वस्ती कायद्याने तर परगावच्या गरिबाला हद्दीबाहेर काढण्याचा अधिकारही दिला, आणि जस्टिनच्या यादीतला परगावचा पाहुणा धर्मग्रामाच्या वहीतून गळाला.

इतरत्र संदेशाची वेगवेगळी अंगे टिकली. १५२२ मध्ये विटेनबर्ग येथे सामायिक दाननिधीची पेटी सुरू झाली. १७३२ मध्ये जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे तरुण ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जमले आणि पहाटेच्या उपासनेची प्रथा तिथून जगभर पसरली. ऑर्थोडॉक्स मंडळींनी ईस्टर सप्ताहभर वेदीसमोरील दारे उघडी ठेवण्याची पद्धत जपली, आणि आपला द्वेष करणाऱ्यांनाही भाऊ म्हणण्याचे आवाहन त्यांच्या ईस्टरच्या उपासनेत आजही आहे.

नव्याने घडी बसवण्याचे काम विसाव्या शतकात झाले, पण त्याची एक वाट १८३३ पासूनची आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी गरिबांच्या घरी जाऊन भेटण्याचे काम सुरू केले आणि त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. तिच्या शाखा बहुधा धर्मग्रामांतूनच चालतात. उपासनेच्या बाजूने पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये जागरण विधी प्रायोगिक स्वरूपात पुन्हा रात्री आणला आणि १९५६ पासून सुधारित पवित्र सप्ताह लागू झाला. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने प्रौढांच्या टप्प्याटप्प्याच्या दीक्षेचे पुनरुज्जीवन करण्यास सांगितले, आणि १९७२ मध्ये तो विधी प्रसिद्ध झाला. त्यात बाप्तिस्म्यानंतरचा उलगड्याचा काळ म्हणून ईस्टरचे आठवडे नेमलेले आहेत, आणि तो उलगडा सगळ्या धर्मग्रामासोबत व्हावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात हाच टप्पा सर्वांत दुर्लक्षित राहतो. बाप्तिस्म्याच्या रात्रीपर्यंत शिकवणाऱ्यांचा उत्साह टिकतो, नंतरच्या बैठका मात्र एक-दोनदा भरून बंद पडतात.

१९६९ च्या वाचनमालेने आणखी एक बदल केला. ईस्टरकाळातील रविवारी पहिले वाचन म्हणून, जुन्या करारातून नव्हे तर ‘प्रेषितांची कृत्ये’मधून वाचले जाऊ लागले. तीन वर्षांच्या या मालेच्या पहिल्या वर्षी ईस्टरच्या दुसऱ्या रविवारी दुसऱ्या अध्यायातील एकत्र राहणाऱ्या मंडळीचा उतारा येतो, तर दुसऱ्या वर्षी चौथ्या अध्यायातील, कोणीही गरजवंत नसलेल्या मंडळीचा. उपस्थिती रोडावलेल्या नेमक्या त्याच रविवारी हे उतारे वाचले जातात. १९७३ मध्ये सामान्य श्रद्धावंतांनाही विशेष सेवक म्हणून आजाऱ्यांकडे कम्युनियन नेण्याची परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून अनेक धर्मग्रामांत रविवारची मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) संपताच काही जण वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. जस्टिनच्या रोममध्ये हेच काम डीकन करत असत.