सेटलमेंट आहे, पण सनद आहे का?

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी पुण्याच्या मावसभावाचा फोन आला. पहिलं वाक्य गणपतीचं, दुसरं प्लॉटचं. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मोपा विमानतळापासून वीस मिनिटांवर, 400 चौरस मीटर. "दादा, एजंट म्हणतो सेटलमेंट आहे. म्हणजे एनए, बिगरशेतीच ना?"

असे फोन मला नवे नाहीत. 2023 च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडायला लागली आणि पेडण्यातलं एकेक भाट, म्हणजे बागायतीची जमीन, एकेक डोंगरउतार कुणाच्या ना कुणाच्या व्हॉट्सॲपवर फिरू लागला. विचारणारा मुंबईचा असो, नाशिकचा असो वा नागपूरचा, प्रश्न हाच असतो आणि माझं उत्तरही तेच: नाही रे. सेटलमेंट वेगळं, सनद वेगळी.

घोळ कुठून होतो ते समजण्यासारखं आहे. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेत 42-ब सारखी कलमं आली. विकास आराखड्यात जमीन निवासी दाखवलेली असेल तर एनएसाठी पूर्वीसारखी वेगळी परवानगी काढत बसावं लागत नाही, ठरलेली रक्कम भरली की काम होतं. त्यामुळे 'झोन रहिवासी' आणि 'एनए' हे दोन शब्द तिकडच्या माणसाच्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसलेत. गोव्यात ते चिकटलेले नाहीत. दोन कायदे, दोन खाती, दोन कागद.

सेटलमेंट हा नगर नियोजनाचा शब्द. 1974 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली राज्याचा प्रादेशिक आराखडा होतो. सध्याचा आहे तो 'प्रादेशिक आराखडा 2021', आणि शहरांच्या आसपास त्याच्या जागी बाह्य विकास आराखडा, ज्याला सगळे ओडीपी म्हणतात. या नकाशात गावातल्या जमिनीला रंग दिलेले असतात: वस्ती, बागायत, शेती, जंगल, डोंगरउतार. वस्तीचा रंग तो सेटलमेंट झोन. गावाचा दर्जा व्हीपी-1 आहे की व्हीपी-2 यावर बांधकाम किती करता येईल ते ठरतं, म्हणून तेही विचारून घ्यायचं. पण हा रंग एवढंच सांगतो की इथे उद्या घर बांधायला सरकारची तत्त्वतः हरकत नाही. जमीन आजही उताऱ्यावर बागायत किंवा भरडच असते.

सनद ही महसुलाची. गोवा जमीन महसूल संहिता, 1968, कलम 32. शेतजमीन बिगरशेती वापरासाठी बदलायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज जातो. ते नगर नियोजन खात्याकडून, वन खात्याकडून, मामलेदाराकडून अहवाल मागवतात, भू-सर्वेक्षण खातं मोजणी करतं, शुल्क भरून घेतात आणि मग सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, वापराचा हेतू आणि अटी लिहिलेला कागद हातात येतो. सोबत नकाशा जोडलेला असतो. महाराष्ट्रातल्या एनए ऑर्डरचा खरा जोडीदार हा.

भावाला मी सोप्या भाषेत सांगितलं: सेटलमेंट म्हणजे मुलगा लग्नाच्या वयाचा झाला. सनद म्हणजे लग्न लागलं. संसार कसा होईल ते अजून पुढेच आहे, कारण सनदेनंतरही नगर नियोजनाची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना आणि शेवटी ऑक्युपन्सी दाखला अशा पायऱ्या असतातच.

मग सेटलमेंट झोनमधल्या जमिनीला सनद मिळायला अडचण काय? इथेच लांबून पैसे लावणारा फसतो, कारण त्याला वाटतं की आता फक्त अर्ज करायचा उरलाय. अडचणी जमिनीवर असतात, नकाशात नव्हे. वन खात्याच्या अहवालात जागा खाजगी वन निघू शकते. गोव्यात त्याचे निकष ठरलेले आहेत: तीन चतुर्थांश झाडं वनवृक्षांची, सलग किमान पाच हेक्टर आणि झाडोऱ्याची घनता किमान 0.4. तुमचा प्लॉट 400 मीटरचा असला तरी तो ज्या रानाचा तुकडा आहे ते रान मोजलं जातं. डोंगरउतार असेल तर नियोजन कायद्याचं कलम 17-ए आडवं येतं, डोंगर कापणं आणि खालची जमीन भरणं हे परवानगीशिवाय गुन्हा आहे. समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाचे निर्बंध. आणि सगळ्यात साधी, सगळ्यात जास्त लोकांना अडकवणारी अडचण म्हणजे वाट. एजंटने पाठवलेल्या व्हिडिओत गाडी थेट प्लॉटवर जाते. ती जाते शेजाऱ्याच्या भाटातून, शेजाऱ्याच्या मर्जीवर. तो उद्या गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालील.

त्यात 'सेटलमेंट' हा शब्दच गेल्या काही वर्षांत निसरडा झालाय. 2006 साली आलेला आधीचा 'प्रादेशिक आराखडा 2011' लोकांच्या आंदोलनापुढे सरकारला मागे घ्यावा लागला होता, हे इकडे सगळ्यांना आठवतं. पुढे 2023 मध्ये नियोजन कायद्यात कलम 17(2) आलं. आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका दुरुस्त करायच्या, असं त्याचं म्हणणं. त्या वाटेने बागायत आणि शेतीचे तुकडे एकेक करून सेटलमेंट होऊ लागले. 2025 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या उच्च न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. 2024 मध्ये आलेल्या, झोन बदलायची वाट देणाऱ्या 39-ए या कलमालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं. म्हणून एजंट 'सेटलमेंट' म्हणाला की पुढचा प्रश्न विचारायचा: मुळात आराखड्यातच होतं, की मागाहून झालं? मागाहून झालं असेल तर कुठल्या कलमाखाली? या प्रश्नावर फोन पलीकडून तुटला तर समजून घ्या. माझ्या भावाच्या एजंटचा तुटला नाही, पण "नेटवर्क नाय साहेब" झालं.

आता सनदेकडे. सनद आहे म्हटलं की नवखा माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि मला तीच घाई जास्त धोक्याची वाटते. झोनबद्दल लोक निदान शंका तरी घेतात. सनदेवर सही-शिक्का पाहिला की डोळे मिटतात. पहिली गोष्ट, सनद पूर्ण सर्व्हे क्रमांकाची असेलच असं नाही. 2,400 मीटरच्या जमिनीत 600 मीटरला सनद काढलेली असते आणि चारही प्लॉट 'सनदवाले' म्हणून विकायला निघतात. जोडलेला नकाशा आणि तुम्हाला दाखवलेली चतु:सीमा जुळते का ते मोजून घ्यायचं, आणि मोजणारा एजंटचा माणूस नको. दुसरी, हेतू काय लिहिलाय? रहिवासी सनदेवर भाड्याने देण्याचा व्हिला-धंदा थाटायचं मनात असेल तर आधीच वकिलाशी बोला. तिसरी, नाव कुणाचं आहे. सनदेच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं की मालकीचा वाद निघाला तर जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे जिल्हाधिकारी जमिनीचा वापर बदलून देतात, मालक कोण ते ठरवत नाहीत.

मालक कोण हा तिसराच कागद. आमच्याकडे सातबारा नाही, फॉर्म एक आणि चौदा आहे, बोलताना सगळे एक-चौदाच म्हणतात. भू-सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे क्रमांक टाकला की तो दिसतो, पुण्यात बसूनही. हे एक काम लांबच्या माणसाने स्वतःच्या हाताने करावं. कब्जेदाराच्या रकान्यात किती नावं आहेत, कुळाच्या रकान्यात कुणी आहे का, इतर हक्कांत मुंडकार लागलाय का, हे वाचायचं. जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड अशा जमिनीच्या प्रकारांच्या रकान्यांत क्षेत्र कुठे टाकलंय तेही. कूळ म्हणजे जमीन कसणारा, मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारा. दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे आणि दोघांपैकी एकाचंही नाव असेल तर तो सौदा नवख्याचा नाही. भाताच्या रकान्यात जमीन असेल तर 2023 च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला सहसा विकता येत नाही. "गोव्यात शेतकरी दाखला लागत नाही" ही मुंबईत ऐकू येणारी गोष्ट बागायतीपुरती ठीक, भातशेतीला लावू नका.

मग घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे. गावात राहणारा, मामलेदार कचेरीचे जिने चढायला वेळ असणारा माणूस सेटलमेंटची, सनद नसलेली जमीन घेऊ शकतो. ती स्वस्त पडते, कारण पुढची धावपळ त्याने विकत घेतलेली असते. पुण्यात नोकरी करणाऱ्याने पहिला व्यवहार सनद झालेल्या, मोजणी झालेल्या, स्वतंत्र उपविभाग क्रमांक पडलेल्या प्लॉटचाच करावा. जास्त पैसे जातील, जाऊ द्यावेत. सेटलमेंटचाच मोह होत असेल तर करारात लिहून घ्यावं की सनद विक्रेता काढेल आणि उरलेली मोठी रक्कम ती हातात आल्यावर. यावर विक्रेता तयार नसेल तर त्याला स्वतःलाच सनदेची खात्री नाही.

आणि सोय म्हणून एजंटच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय, पण तुमच्या नावाने सह्या करायला त्याला तेवढं पुरतं. जमलं तर जुलैत एकदा या. तुम्हाला पाठवलेला व्हिडिओ हमखास जानेवारीतला असतो. पावसात ओहोळ कुठून वाहतो ते आराखड्याच्या रंगात दिसत नाही.

भावाला मी तीन गोष्टी मागायला लावल्या. सर्व्हे आणि उपविभाग क्रमांक, टीसीपीचा, म्हणजे नगर नियोजन खात्याचा, झोनिंग दाखला, आणि सनद असेल तर नकाशासकट पूर्ण. झोनिंग दाखला महिन्याने आला. त्यात लिहिलं होतं: अंशतः सेटलमेंट, अंशतः बागायत. दाखवलेला प्लॉट नेमक्या कुठल्या अंशात ते एजंटला सांगता आलं नाही. सनद नव्हतीच.

आता त्याने डिचोलीतली दुसरी जागा धरलीय. ही सनदेची आहे, क्षेत्रही जुळतं. सनदेवर नाव एका भावाचं, एक-चौदावर नावं चार. बाकी तिघांपैकी एक पोर्तुगालला. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा धरतात, त्यामुळे सह्या चार नव्हेत, आठ लागतील. म्हापशाचा वकील त्या पोर्तुगालच्या वहिनीचा पत्ता शोधतोय. भावाला मी तोपर्यंत टोकनही देऊ नको म्हटलंय, आणि तो दर रविवारी फोन करून विचारतो, "दादा, मिळाली का वहिनी?"