वॅक्स मारलं की डाग जातो? नाही जात

गाडीच्या रंगावर कबुतराच्या शिटेचा किंवा बोअरच्या पाण्याचा डाग पडला की वॅक्स मार, निघेल, हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण. निघत नाही हो, वॅक्स नुसता डागानं पडलेल्या बारीक खड्ड्यात भरून बसतो, डाग दिसेनासा होतो आणि चार वॉशनंतर परत तिथंच.

आधी डाग कुठला ते बघा. बोअरच्या पाण्याचा पांढरा गोल म्हणजे वर बसलेला क्षार, तो पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, गाडी सावलीत थंड असताना कापडानं मिनिटभर लावलं की विरघळतो, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. पण धुवून पुसूनही तिरप्या उजेडात डागाची कड दिसतच असेल तर क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरच, खाल्ला गेलाय. उन्हात बॉनेट तापतं, कोट मऊ होऊन फुगतो आणि थंड होताना वाळलेल्या शिटेच्या आकारातच बसतो, शिवाय त्यातलं ॲसिड असतंच.

अशावेळी आजूबाजूचा कोट किंचित घासून सपाट करणं हाच उपाय. आधी फाइन पॉलिश, मऊ फोम पॅडवर, छोट्या भागावर, नाहीच गेलं तर कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारी पेस्ट, आणि मग परत पॉलिश, वॅक्स सगळ्यात शेवटी. पण जपून, क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनच असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ, एकदा गेला की परत येत नाही. डागावरून फिरवताना नख अडकत असेल तर घासतच बसू नका प्लीज, थोडा डाग राहू दे, नाहीतर सरळ पेंटरला दाखवा.

आणि टूथपेस्ट तर नकोच, बारीक चरे पडतात.